सातचं इंजेक्शन

नवऱ्याच्या उजव्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी, एक तपकिरी डाग आहे. तो मी दिलेला आहे, तापलेल्या उलथन्याने. संध्याकाळचे सात वाजले होते. तव्यावर थालीपीठ होतं, मी ओट्याला टेकून एका पायावर भार देऊन उभी होते आणि तो माझ्या मागे सुई घेऊन उभा होता. रोज सातला तो मला कंबरेखाली तेलातलं इंजेक्शन द्यायचा. त्या दिवशी त्याचा हात इतका थरथरत होता की सुई दोनदा आत गेली आणि दोनदा अर्धवट बाहेर आली. तिसऱ्यांदा हाडापर्यंत कळ गेली. मी गर्रकन वळले आणि हातात होतं ते हाणलं. चर्र असा आवाज झाला. तो ओरडला नाही. "सॉरी, सॉरी, परत चुकलं माझं," एवढंच म्हणाला.

परत चुकलं म्हणजे काय, ते सांगण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

मी तापट आहे. नागपूरला आमच्या घरात तोंडाच्या आधी हात चालायचा. वडील आईवर चालवायचे, आई आम्हा बहिणींवर, आणि आम्ही बहिणी एकमेकींच्या झिंज्या धरायचो. संध्याकाळी पुन्हा सगळे एका ताटात जेवायला. नवरा पुण्याचा. त्याच्या घरात कोणाला राग आला की तो माणूस पेपर वाचायला घेतो. लग्नानंतर पहिल्या वर्षात मी दोन कप, एक रिमोट आणि कॉर्डलेस फोन फोडला, तेव्हा त्याने दर वेळी शांतपणे सुपली आणली आणि तुकडे भरले. मला त्याचाही राग यायचा.

२००५ साली आम्ही अमेरिकेत, सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूला होतो. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत, मीही टेस्टिंगमध्ये होते, पण ट्रीटमेंटसाठी नोकरी सोडली होती. मूल होत नव्हतं. टेस्ट ट्यूबचे दोन प्रयत्न वाया गेले होते. माझं वय सदतीस. हॉस्पिटलच्या डॉक्टरने समोर बसवून स्वच्छ सांगितलं, की तुझी अंडी झपाट्याने कमी होत आहेत, आणखी एकदा करून बघू, त्यानंतर मी तुला करू म्हणणार नाही. म्हणजे एकच संधी उरली होती. मी घरी येताना गाडीच्या डॅशबोर्डवर इतक्या बुक्क्या मारल्या की करंगळी सुजली.

त्याच आठवड्यात एका मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं. अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये फुलांची वाडी, हिरवी साडी, पेढा की बर्फी, सगळं साग्रसंगीत. मी जाणार नव्हते, नवऱ्याने नेलं. तिथे ठाण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या एक काकू होत्या. ओटी भरून झाल्यावर त्यांनी मैत्रिणीच्या ओटीतला नारळ उचलला आणि वीस बायकांदेखत माझ्या हातात ठेवला. "हा घरी नेऊन फोड आणि तू एकटीनेच खा. गुण येतो," म्हणाल्या. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आणि त्या चायनीज डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ये. माझ्या सुनेला तिथेच गुण आला. सुया टोचतात, काढा देतात. नाक दाबून प्यायचा."

घरी आल्यावर मी तो नारळ हॉलच्या भिंतीवर फेकला. पूर्ण ताकदीने. अमेरिकेतल्या भिंती विटांच्या नसतात हे मला माहीत होतं, पण इतक्या पोकळ असतील असं वाटलं नव्हतं. नारळ भिंत फोडून आत गेला आणि तिथेच राहिला. नवऱ्याने भोकात बॅटरी मारून पाहिलं.

"खाली गेला यार," तो म्हणाला. "हात पुरत नाहीये."

"काय शोधून राहिलास त्यात? राहू दे," मी ओरडले.

त्याने त्या भोकावर कॅलेंडर टांगलं. पुढे त्याच कॅलेंडरवर माझ्या इंजेक्शनच्या तारखा लिहिल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंनी दिलेला पत्ता घेऊन चायनीज डॉक्टरीणबाईंकडे गेले.

नखं रंगवायच्या दुकानाशेजारी त्यांची छोटी जागा होती. साठीच्या, ठेंगण्या, केस मागे घट्ट बांधलेले. मी मनात त्यांना वैद्यबाई म्हणायला लागले, कारण त्यांनी आल्या आल्या माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली, आमच्या गावातले वैद्य ठेवायचे तशीच. बराच वेळ डोळे मिटून नाडी पाहिली. मग तोडक्या इंग्रजीत विचारलं, "राग कोणावर?"

"कोणावरच नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझा पाय हातात घेतला आणि अंगठा व शेजारच्या बोटाच्या मध्ये एका जागी अंगठ्याने दाबलं. मी किंचाळले. "इथे," त्या म्हणाल्या. "सगळा इथे आहे." मग त्याच जागी त्यांनी सुई खुपसली. पोटावर, मनगटावर, कपाळावर मिळून वीसएक सुया टोचून त्या मला अंधारात एकटीला सोडून गेल्या. मी तिथे ढसाढसा रडले. पाय हलवता येत नव्हता, डोळे पुसता येत नव्हते. अश्रू कानात जात होते.

येताना त्यांनी कागदी पुड्या दिल्या. साली, मुळ्या, वाळलेली लाल फळं आणि कसले तरी काळे काप. तीन गोष्टी त्यांनी बोटांवर मोजून सांगितल्या. हे मातीच्या भांड्यात उकळायचं, धातूच्या नाही. हॉस्पिटलची इंजेक्शनं सुरू झाली की काढा त्याच दिवशी बंद, फक्त सुया चालू. आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरला हे सगळं सांगायचं. त्यासाठी त्यांनी एक पत्रही दिलं, त्यात प्रत्येक मुळीचं नाव इंग्रजीत टाईप केलेलं होतं.

मातीचं भांडं घरात नव्हतं. मी म्हटलं, एक दिवस कुकरमध्ये करू, चार शिट्ट्यांत काम होईल. पुडी तशीच्या तशी कुकरमध्ये टाकली. एक शिट्टीही झाली नाही. कुठलंसं पान शिट्टीच्या भोकात अडकलं असणार. मी हॉलमध्ये होते, बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. झाकण छताला आपटून फ्रिजवर पडलं, फ्रिजच्या दाराला खड्डा पडला आणि छतावरून काळं पाणी ठिबकायला लागलं. फायर अलार्म वाजला. शेजारची गोरी म्हातारी दार ठोकायला लागली. मी तेव्हा ओट्यासमोर उभी असते तर माझं तोंड गेलं असतं. अलार्म थांबेना तेव्हा मी झाडूच्या दांड्याने तो छतावरून पाडला आणि पायाने चिरडला.

मातीचं भांडं चायनीज किराणा दुकानात मिळालं. त्यानंतर तीन महिने मी तो काढा रोज दोनदा प्यायले. त्याला ओल्या गोणपाटाचा वास होता. पण गुण आला, हे खरं. दोन वर्षं पाळीचा काही भरवसा नव्हता, ती ठरल्या दिवशी यायला लागली. पाय बर्फासारखे गार असायचे, ते गरम झाले. झोप लागायला लागली. त्या तीन महिन्यांत मी एकही वस्तू फोडली नाही. नवरा म्हणाला, "तुझ्या वैद्यबाईंना पेढे द्यायला पाहिजेत."

मग तिसऱ्या प्रयत्नाची तारीख आली, आणि काढा सोडायचा दिवसही. मी सोडला नाही.

मला आजही वाटतं की माझ्या जागी आमच्याकडची कुठल्याही बाईने हेच केलं असतं. लहानपणी आई आम्हाला डॉक्टरकडे न्यायची आणि परत येताना वैद्यांकडून पुडी घ्यायची. वर बजावायची, "डॉक्टरला वैद्याचं सांगायचं नाही, रागावतात. आणि वैद्याला डॉक्टरचं सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटतं." घरात होमिओपॅथीच्या गोड गोळ्या असायच्या त्या वेगळ्याच. आम्ही सगळं एकत्र घ्यायचो आणि कोणालाच काही सांगायचो नाही. ज्याने गुण येईल त्याने येईल. माझंही डोकं तसंच चाललं. पहिले दोन प्रयत्न बिनकाढ्याचे होते आणि दोन्ही फसले. मग ज्याने अंग सुधारलं ते नेमकं ऐन वेळी सोडायचं? शेवटच्या संधीला?

हॉस्पिटलच्या नर्सने फॉर्म भरताना विचारलं, "आणखी कुठली औषधं, जडीबुटी, चहा, काही?" मी म्हणाले, "काही नाही." वैद्यबाईंनी विचारलं, "काढा बंद? डॉक्टरला पत्र दिलं?" मी म्हणाले, "हो, दोन्ही." पत्र तांदळाच्या डब्याखाली होतं. पुड्याही पुरेशा साठवून ठेवल्या होत्या. नवऱ्याला सांगितलं, बंद केला. तो ऑफिसला गेला की मी मातीचं भांडं काढायचे, तो यायच्या आत खिडक्या उघडून वास घालवायचे.

या वेळी डॉक्टरने दोन नवी औषधं जोडली होती. रोज एक छोटी गोळी आणि पोटात एक इंजेक्शन, दोन्ही रक्त पातळ करणारी. माझ्याच्याने स्वतःला टोचवेना, म्हणून नवरा टोचायचा. कुपीतून ठराविक रेघेपर्यंत औषध ओढायचं, हवा काढायची, पोटाची चिमूट धरायची. पोटभर निळेजांभळे डाग पडले होते. तो प्रत्येक सुईनंतर त्या जागेवर फुंकर घालायचा. मी त्याला म्हणायचे, "लहान आहे का मी?" अंडी काढायच्या आदल्या दिवशी हे इंजेक्शन बंद करायचं होतं. शेवटचं इंजेक्शन त्याने दिलं तेव्हा ऑफिसचा फोन चालू होता. फोन खांद्यावर धरून त्याने औषध ओढलं.

सकाळी अंडी काढली. सात मिळाली. दुपारी घरी आले. तीन वाजता माझा उजवा खांदा दुखायला लागला. पोट टम्म फुगलं होतं. बाथरूममध्ये गेले आणि आरशात माझा चेहरा पांढराफटक दिसला, एवढं आठवतं. पडताना टॉवेलचा दांडा धरला, तो भिंतीतून उपटून माझ्यासोबत आला. नवऱ्याने दार तोडलं. ते दार नुसतं लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती, तरी त्याने खांद्याने तोडलं.

पोटात रक्त साचलं होतं. थांबतच नव्हतं. बाटल्या चढवल्या, पोट उघडलं, डावी ओव्हरी काढून टाकली. हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. मी डोळे मिटून पडले होते. भूल उतरली होती, घशातून आवाज फुटत नव्हता. सर्जन माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहून नवऱ्याशी बोलत होता.

"तिने रक्त पातळ करणारं दुसरं काही घेतलं होतं का?"

"नाही," नवरा म्हणाला. मग त्याचा आवाज फाटला. "शेवटचं इंजेक्शन मी दिलं. माझा फोन चालू होता. मी जास्त भरलं असेल. मला आठवत नाहीये किती भरलं. आय थिंक आय डिड धिस." आणि तो रडायला लागला. मी त्याला तोपर्यंत कधी रडताना ऐकलं नव्हतं. हुंदके नव्हते, श्वास अडकल्यासारखा घरघर आवाज होता. सर्जन त्याला सांगत होता की अंडी काढायची सुईच कधी रक्तवाहिनीला लागते, नक्की कशाने झालं हे सांगता येत नाही. त्याला ते ऐकूच येत नव्हतं.

मी डोळे उघडले नाहीत.

घशातून आवाज फुटत नव्हता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण हात तर हलवता आला असता. ज्या हाताने मी आयुष्यभर फेकाफेक केली, तो हात मी चादरीखाली धरून ठेवला.

सात अंड्यांतून दोन गर्भ तयार झाले आणि ते गोठवून ठेवले. माझ्या पोटाची जखम भरून यायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत नवरा बदलला. भाजीत मीठ टाकतानाही हात थांबायचा, विचारायचा, "एवढं बस?" गाडी वीस मैलांच्या वेगाने चालवायचा. मी खेकसले की मान खाली घालायचा. आधी तो माझा राग झेलायचा तो मला ओळखून असल्यामुळे. आता झेलायचा, कारण ते आपल्याला मिळायलाच हवं असं त्याला वाटत होतं. मला कळत होतं. आणि मी तरीही खेकसत होते.

गोठवलेले गर्भ माझ्या गर्भाशयात सोडायची वेळ आली तेव्हा हॉस्पिटलमध्ये तोच फॉर्म पुन्हा समोर आला. या वेळी मी एकटी गेले होते. तांदळाच्या डब्याखालचं पत्र फॉर्मला जोडलं आणि सगळं लिहिलं. डॉक्टरने दोनदा वाचलं. त्याचे कान लाल झाले. "यात रक्तावर परिणाम करणाऱ्या गोष्टी आहेत," तो म्हणाला. "त्यानेच झालं का, मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. पण मला माहीत असतं तर मी ते इंजेक्शन दिलंच नसतं."

तिथून तशीच वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढ्या जोरात टेबलावर हात आपटला की सुयांचा ट्रे खाली पडला. "भांडं आण," म्हणाल्या. भांडं माझ्या गाडीतच होतं, फेकायला घेतलं होतं आणि फेकवलं नव्हतं. त्यांनी ते माझ्या हातातून हिसकावलं, मागच्या दाराने पार्किंगमध्ये गेल्या आणि डांबरावर आपटलं. "माझं औषध," त्या ओरडत होत्या, "माझं औषध तू चोरासारखं प्यायलीस!" साठीची बाई चपलेने खापऱ्या तुडवत होती. नखांच्या दुकानातल्या मुली बाहेर येऊन बघत होत्या. मग त्या थांबल्या, धापा टाकत माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नवऱ्याला माहीत आहे?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मला पुन्हा यायला सांगितलं नाही.

दोघांना सांगून झालं होतं. तिसरा घरी होता. त्याला मी सांगितलं नाही. आधी निकाल येऊ दे, म्हटलं. गर्भ टिकला तर सांगावंच लागणार नाही.

आणि मग सातची इंजेक्शनं सुरू झाली. तेलातली, जाड सुईची, आत सोडलेले दोन्ही गर्भ टिकावेत म्हणून. तो औषध ओढून सिरिंज दिव्यासमोर धरायचा. मला वाचायला लावायचा. कागदावर लिहून सही करायचा, मलाही करायला लावायचा. तरी हात थरथरायचा, सुई वाकडी जायची, माझी कंबर दगडासारखी झाली होती. सहाव्या दिवशी मी उलथनं मारलं, आणि तो भाजलेला हात धरून म्हणाला, "परत चुकलं माझं."

थालीपीठ जळत होतं. मी गॅस बंद केला.

"तुझं काही चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "मी काढा सोडला नव्हता. शेवटच्या दिवसापर्यंत पीत होते. तू ऑफिसला गेलास की."

तो नळाखाली हात धरून उभा होता. पाणी तसंच वाहत होतं. त्याने एकच प्रश्न विचारला.

"मी सर्जनशी बोलत होतो, तेव्हा तू जागी होतीस?"

"होते."

त्याने नळ बंद केला. मला वाटलं आता मारेल. मी तोंड पुढे केलं, खरंच केलं, कारण माराचं काय करायचं ते मला माहीत होतं. त्याने मारलं नाही. नवी सुई काढली, ओट्यावरची बाटली उचलली, औषध ओढलं. दिव्यासमोर धरलं नाही, मला वाचायला लावलं नाही. "वळ," म्हणाला. मी वळले. सुई एका झटक्यात मुळापर्यंत आत गेली. त्याचा हात अजिबात थरथरला नाही. त्याने फुंकर घातली नाही.

आठवड्याने नर्सचा फोन आला. दोन्हींतला एकही गर्भ टिकला नव्हता. पुढे कधी झालंच नाही, आम्ही केलंही नाही. दोन वर्षांनी ते अपार्टमेंट सोडताना त्याने कॅलेंडर काढून भिंतीचं भोक बुजवलं. नारळ आतच राहिला.

आम्ही एकत्र आहोत. मी आता वस्तू फेकत नाही. कुणाकडे जेवायला गेलं आणि एखाद्या काकूंनी त्याच्या हातावरच्या डागाबद्दल विचारलं, की तो हसून सांगतो, "कुकर फुटला होता, माझ्याच चुकीने." मी शेजारीच ताट घेऊन उभी असते आणि काही बोलत नाही.